सावकाश, लेकी

आयडेलाचा स्वभाव तिच्या इस्त्रीसारखा. तापायला वेळ लागायचा, पण एकदा तापली की जवळ जायची सोय नव्हती. त्या शनिवारी संध्याकाळी ती चांगलीच तापली. "त्या नाचाच्या हॉलात गायलीस तर या घराची पायरी चढू नकोस," असं पोटच्या पोरीला सांगून मोकळी झाली. वर्लीन तरातरा निघून गेली, आणि गाण्यासाठी हौसेनं घेतलेले लाल बूट पलंगाखालीच राहिले.

ते आयडेलाला दिसले. पोर झिजलेल्या बुटांत उभी राहणार आणि सगळं मेम्फिस शहर हसणार. बूट द्यायचे आणि दारातूनच परतायचं, असं स्वतःला बजावत ती निघाली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, तिथले सगळे मानानं 'सिस्टर' म्हणायचे अशी बाई ती. आत पाऊल टाकणं शक्यच नव्हतं.

दारावरच्या रॉस्कोनं टोपी काढली. "सिस्टर आयडेला, तुम्ही? रस्ता चुकलात की काय?"

"तोंड आवर. पोरीला हे दे."

"आता कसं देऊ? गाणं सुरू झालंय तिचं."

आत ड्रम आणि सॅक्सोफोन घुमत होते, गिटारलाही वीज जोडलेली. या गोंगाटात देव कसा सापडायचा, असं पुटपुटत असतानाच तिनं चाल ओळखली. तिच्या बापाची चाल! कापसाच्या शेतात खेचरामागे नांगर धरून तो जी हाळी घालायचा, तीच. आयडेलानं ती लोकांचे कपडे इस्त्री करताना गुणगुणली होती, चर्चमध्ये देवाच्या नावानं गायली होती. आता पोरीनं त्याच चालीला ठेका लावून नाचायला उभं केलं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही. बाप आठवला.

तेवढ्यात वर्लीनची नजर दाराकडे गेली. आई दिसली आणि ती गाता गाता थबकली. ओळ अर्धीच राहिली. कोणीतरी शिट्टी मारली. "संपलं का बाई? मग घरी जा!"

चर्चमध्ये गाणारा असा अडला की बायका बाकांवरून हाक देतात, त्याला एकटं पडू देत नाहीत. आपण कुठे आहोत याचा आयडेलाला विसर पडला. "सावकाश, लेकी!" ती ओरडली. "वेळ घे तुझा!" बूट काखेत मारून तिनं टाळी धरली. ड्रमवाल्यानं ती उचलली. मग हॉलातल्या बायका, त्याही कुठल्या ना कुठल्या चर्चमध्येच वाढलेल्या, "सावकाश, सावकाश" म्हणू लागल्या. वर्लीननं डोळे मिटले आणि ओळ पुरी केली.

गाणं संपलं तेव्हा आयडेला स्टेजपाशी उभी होती. उंबरठा कधी ओलांडला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"आई, उद्या चर्चमध्ये बोभाटा होईल गं," वर्लीन रडत-हसत म्हणाली.

"होऊ दे. अडलेल्याला हाक द्यायची, हे तिथेच शिकले मी." तिनं वाकून लेकीच्या पायात बूट सरकवले. "अजून गाणी आहेत ना? गा. मी थांबते. मग मिळून घरी जाऊ."