ॲडमिट असाल तरच जेवण

सुकेशनीच्या किडन्या गेल्या तेव्हा ती पूर्ण्याच्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवायची आणि चुडाव्याला भावाकडे राहायची. डायलिसिससाठी दिवसाआड रेल्वेनं परभणी गाठायची. ते सरकारी योजनेत फुकट व्हायचं. अडलं ते जेवणापाशी. मीठ नको, टोमॅटो नको, पालक नको. भाजी चिरून पाण्यात भिजवायची, उकडायची, ते पाणी ओतून द्यायचं. भावजय मनिषानं वर्षभर हा दुहेरी स्वयंपाक केला. तोंडानं कधी काही बोलली नाही, पण दुसरं पातेलं गॅसवर जरा आपटून ठेवायची.

म्हणून परभणीच्या बबिताचा डबा लावला, तेव्हा नणंद-भावजय दोघींनाही सुटल्यासारखं झालं. बबिताचा नवरा ह्याच आजारानं गेलेला. त्याच्यासाठी शिकलेला स्वयंपाक ती आता पेशंटांना पोचवायची. डायलिसिसच्या दिवशी स्वतः स्कूटीवर डबा घेऊन यायची, एरवी परभणीला अप-डाउन करणाऱ्या सुकेशनीच्या एका शेजाऱ्याच्या हाती चुडाव्याला पाठवायची. लिंबू पिळलेली दोडक्याची भाजी सुकेशनीनं पहिल्या दिवशी बोटानं निपटून खाल्ली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

डब्याचे पैसे विम्यातून मिळतील, असं ती धरून चालली होती. आजाराच्या आधी पॉलिसी देताना एजंट भगवानरावांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॅडम, खाण्यापिण्यापासून समदं बसतंय ह्याच्यात." तेच तिनं डायलिसिसच्या वॉर्डातल्या बाकीच्यांनाही सांगितलं. बाई सांगतात म्हणून ज्यांच्याकडे विमा होता त्यांनीही डबे लावले.

तिनं डब्याची बिलं पाठवली, तसं विमा कंपनीचं उत्तर आलं. घरपोच जेवण हा उपचार नव्हे. रुग्णालयात दाखल असतानाचंच जेवण मंजूर होईल.

भगवानराव घरी आले, चहा घेतला आणि आवाज खाली करून म्हणाले, "अशक्तपणा तर तुमाला हायच. दोन दिवस ॲडमिट व्हा. त्याच बिलात डब्याचं बी बसवून टाकतो."

"खोटं होईल ते."

"तुमी आजारी न्हाईत का? मग खोटं काय त्यात?"

तिला ते पटलं नाही. पण शाळेचा पगार कधी व्हायचा, कधी नाही, आणि परत मनिषाच्या गळ्यात पडायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात दाखल झाली.

दुपारी बबिताचा फोन आला. "ताई, गेटवर अडवायलेत मला. बाहेरचं जेवण चालत न्हाई म्हणतेत. तिथलं जे देतील ते इचारून खा, बरं का."

ताट आलं. वर चिठ्ठी होती, 'किडनी डाएट'. पहिल्याच घासाला मीठ लागलं. सुकेशनीनं ताट आणणाऱ्या बाईला विचारलं.

"ते लो-सोडियमचं मीठ हाय, मॅडम. पेशंटसाठीच आणतेत. चालतंय."

विचारून खा म्हणाली होती बबिता. तिनं विचारलं होतं. वरणाला चव होती, भाजीला चव होती. तिनं ताट पुसून खाल्लं आणि संध्याकाळी पुन्हा तेच मागितलं.

सकाळी पलंगावरून तिचे पाय उचलेनात. छातीत ठोका चुकत होता. धावपळ झाली, आयसीयूत नेलं, तातडीनं मशीनला लावलं. ती वाचली. शुद्धीत आल्यावर एका तरुण डॉक्टरनं समजावलं, त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. ते दुसऱ्याला चालतं, किडनीच्या पेशंटला विष.

"हे तुमच्या स्वयंपाकघरात कुणी सांगितलंय का?" तिनं विचारलं.

तो फाइल चाळत राहिला.

पुढं महिन्यानं भगवानराव पेढे घेऊन आले. "आयसीयू बी पास, ताटं बी पास. कंपनीनं एक शब्द इचारला न्हाई, मॅडम."

"आणि बबिताचा डबा?"

"ते बाहेरचं ना. ते काही बसलं न्हाई."

पेढ्यांचा पुडा तिनं त्यांच्याच हातात परत दिला.

तोवर वॉर्डातल्या लोकांनाही डब्याला नकाराचं तसंच उत्तर आलं होतं. एकेकानं डबा बंद केला. सुकेशनी दिसली की ते आधी हसून बोलायचे. आता मशीनकडे बघत पडून राहायचे. तिनं बबिताला फोन लावला. डबे सुटल्यामुळे ती विद्यापीठाजवळच्या एका मेसवर स्वयंपाकाला लागली होती.

"माझ्या सांगण्यावरून झालं हे," सुकेशनी म्हणाली.

"तुमी कशाला मनाला लावून घेता, ताई. इथं पोरांना समदं चालतंय. लय सोपं हाय." मागे कढईचा आवाज येत होता. "ठेवू का? पोळ्या करायलेय."

त्या संध्याकाळी सुकेशनी स्वतःच दोडका चिरायला बसली. मनिषानं येऊन विळी ओढून घेतली.

"ठेवा ताई, मी करते," ती म्हणाली.

तो राग होता की कीव, हे सुकेशनीला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.