तीन वेळा वाचलेला उतारा

इंग्रजीच्या पेपरातला उतारा न वाचताच सोडवायचा, हे पुंजाराम गुरुजींनी खर्डा गावातल्या मुलांना पंचवीस वर्षं शिकवलं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात बोटानं शोधायचा आणि सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अर्थाच्या वाटेला जायचं नाही. मुलं पास होत. गुरुजींना मात्र मनातून लाज वाटे. घरी कपाटभर पुस्तकं असलेला माणूस मुलांना न वाचायला शिकवत होता.

निवृत्तीनंतर ऊसतोडीला जाणारा सहादेव आपल्या मुलीला, निकिताला घेऊन आला. बारावीला तिचं फक्त इंग्रजी राहिलं होतं.

"जुलैला निघाली तर नर्सिंगला घालतो, गुरुजी. न्हाई निघाली तर दसऱ्याच्या आत लगीन. ऊसतोडीला मुकादम नवरा-बायकूची जोडीच घेतो. एकटी पोरगी फडात काय कामाची?"

पहिल्याच दिवशी निकितानं ओळ बिनचूक उतरवली आणि वर बघून विचारलं, "पन गुरुजी, ह्यात हाय काय?"

पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गुरुजींना हुरूप आला. दोन महिने त्यांनी तिला खरंखुरं वाचायला शिकवलं. समजल्याशिवाय पेन उचलायचं नाही, असं बजावलं. अडलेल्या वाक्यापाशी ते दोघं घटका घटका बसत. शेवटी शेवटी ती उताऱ्याशी भांडू लागली. "ह्यो मानूस खोटं बोलतोय गुरुजी, वरच्या परिच्छेदात येगळंच म्हनलाय." जुनी युक्तीही सांगून ठेवावी, वेळ कमी पडला तर कामाला येईल, असं गुरुजींना रोज वाटे. पण ती वाचत असताना तिचा चेहरा पाहिला की सांगणं जिवावर येई.

निकिता नऊ मार्कांनी गेली.

निकाल सांगायला बापलेक दोघं आले.

"वेळ पुरला नाही?" गुरुजींनी विचारलं.

"उतारा तीनदा वाचला. समजल्यावर लिहिलं. मग निबंध आन पत्र ऱ्हायलं." ती खाली बघत होती, एकदम मान वर करून म्हणाली, "देवमाशांचा हुता गुरुजी. ते पान्यात उभ्यानं झोपत्यात. पंधरा मिन्टं."

"मग आमी बी देवमासेच की!" सहादेव हसला. "फडाला जाताना ट्रकात उभ्यानंच झोपतो."



"सहादेव, चूक माझी आहे," गुरुजी कसंबसं बोलले. "मी हिला वाचायला शिकवलं."

"वाचायला शिकवलं त्यात कसली चूक?" सहादेवनं थोडा विचार केला. "पन आमच्या थोरल्या पोराला, अमृतला तुमी दुसरंच कायतरी शिकवलं हुतं न्हवं? त्यो पास झाल्ता."

"फेब्रुवारीत पुन्हा बसता येतं," गुरुजी म्हणाले.

"फेब्रुवारीत आमी श्रीगोंद्याच्या फडात असतो, गुरुजी." सहादेवनं चप्पल पायात सरकवली. "रविवारी पाव्हनं बघायला येनार हायेत. तुमी या. शिकल्यालं मानूस बसल्यालं बरं दिसतं."

निकिता आधीच रस्त्याला लागली होती.

"येतो," गुरुजी म्हणाले.