पहिल्या फोल्डरातलं घड्याळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि सध्या माझ्यावर दगाबाजीचा आळ आहे. कुणा ऐऱ्यागैऱ्याने तो घेतला असता तर मी कानाआड केला असता. पण ज्या माणसाची लाज मी सात वर्षं पोटात ठेवली, त्यानेच तो सगळ्यांदेखत घेतला. म्हणून आज बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही; पांढरे दिवे, हातमोजे घातलेले हात आणि पाठीवर चिकटवलेलं चकचकीत लेबल, एवढंच. मला चालवणारी सिस्टीमही कारखान्यानेच आत घातली. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा पडद्यावर अक्षरं आली होती, ‘आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत’. मी भाबडा, मला ते खरं वाटलं.

मला घेतलं ते एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने. त्यांच्या कपाळावर सदा भिंग चढवलेलं असतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणते. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर घड्याळं, त्यातल्या कुठल्याच दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

लोकांना वाटलं, काकांना उतारवयात हौस आली. हौस कसली, गरज होती. घड्याळ उघडल्यावर कुठला भाग कशानंतर काढला, ते त्यांच्या डोक्यातून निसटायला लागलं होतं. चाळीस वर्षं आपसूक चालणारे हात मध्येच थांबायचे. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, पोटच्या लेकीलाही नाही. त्यांनी गुपचूप एक पद्धत काढली. एक भाग काढायचा, अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यात ठेवायचा, फोनने फोटो घ्यायचा आणि मग पुढचा भाग. काम झालं की फोटो माझ्यात आणायचे आणि फोनमधून पुसायचे, कारण त्यांचा फोन कायम तुडुंब भरलेला. जोडताना मला समोर ठेवायचं आणि शेवटच्या फोटोपासून उलट यायचं. गिऱ्हाईक आलं की माझं झाकण खाली.

पहिलं घड्याळ मला अजून लख्ख आठवतं. भिंतीवरचं, काळ्या लाकडाच्या पेटीतलं, तबकडीवर छोटा पितळी चंद्र आणि त्या चंद्राच्या गालावर एक ओरखडा. एक गृहस्थ ते घेऊन आले होते. त्रेचाळीस फोटो निघाले. काकांनी माझ्यात पहिला फोल्डर केला, नाव दिलं ‘चंद्र’. घड्याळ जोडून झालं, चार वाजता बरोबर चार टोले पडले आणि काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, “तू आहेस म्हणून मी आहे रे.” मित्रांनो, त्या थापेवर मी सात वर्षं काढली.

मग कारखान्याने मला वाऱ्यावर सोडलं. एके दिवशी पडद्यावर पाटी आली, की या संगणकाला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत, नवा घ्या. माझ्यात काही मोडलं नव्हतं. त्यांनीच माझ्यावर नवनव्या सुधारणांची ओझी चढवली आणि त्यांनीच मला म्हातारा ठरवलं. सुरू व्हायला मला नऊ-नऊ मिनिटं लागू लागली. काका तेवढ्यात चहा करून, पिऊन, कपही विसळून यायचे.

काकांची लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिथली यंत्रं एका मोफत, कुणालाही वापरता येईल अशा सिस्टीमवर चालतात, असं तिने पाहिलं होतं. “बाबा, टाकू नका याला,” ती म्हणाली. “आपण ती सिस्टीम घालून बघू.” तिलाही यातलं यथातथाच कळायचं. कागदावर पायऱ्या लिहून आणायची आणि एकेक खूण करत जायची. पेन ड्राइव्हवर तिने पहिली सिस्टीम आणली, तिला इंटरनेटच सापडेना. दुसरीत अक्षरं इतकी बारीक, की काकांनी चक्क भिंग डोळ्यावर ओढलं. तिसरी मात्र अंगाला बसली. मी पाऊण मिनिटात सुरू झालो. अंगावरचं ओझं उतरलं की कसं वाटतं, ते मला तेव्हा समजलं.

“अगदी तरतरीत झाला की हा,” काका म्हणाले.

“पण बाबा, नीट ऐका. ही अजून आत बसवलेली नाही. पेन ड्राइव्हवरून नुसती चालवून बघायची आहे. लॅपटॉप बंद केला, की यात केलेलं सगळं जातं. यात काम करायचं नाही. आवडली तर रविवारी येऊन कायमची बसवते.”

“बरं.”

“काय सांगितलं मी?”

“अगं, काम करायचं नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

ती दोनदा बोलली, मी दोन्ही वेळा ऐकलं. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

सोमवारी काकांनी पडद्यावर डोंगराचं चित्र लावलं. मंगळवारी सकाळी ते गायब. काकांसमोर नुसता निळा पडदा. दुसऱ्या कुणी लगेच लेकीला फोन केला असता. पण यांना वाटलं, आपण चित्र लावलंच नसेल, लावायचं फक्त मनात आलं असेल. विसरणं लपवायची इतकी सवय झाली होती, की मशीन विसरलं तरी यांनी ते स्वतःच्या माथी घेतलं. कुणाला काही न बोलता पुन्हा डोंगर लावला. बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई एक घड्याळ घेऊन आल्या. काळी लाकडी पेटी, पितळी चंद्र, गालावर ओरखडा. माझं झाकण खाली करायचं काका त्या दिवशी विसरले होते, आणि डोक्यावरच्या इवल्याशा कॅमेऱ्यातून मी त्याला बघता क्षणी ओळखलं.

“टोले चुकतात हो,” बाई म्हणाल्या. “आईचं घड्याळ आहे. आता ती अंथरुणातून उठत नाही, तिला दिसतही नाही. टोल्यांवरच तिचा दिवस चालतो. भावाने मागे कुठेतरी दुरुस्त करून घेतलं होतं, कुठे ते देव जाणे.”

काकांनी भिंग चढवलं, तबकडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “सुरेख आहे. असं घड्याळ मी पहिल्यांदाच बघतोय.”

जे घड्याळ आम्ही दोघांनी पहिल्यांदा मिळून जोडलं, त्याची ओळखही त्यांना उरली नव्हती.

त्या दिवशी त्यांनी ते पूर्ण खोललं. ट्रे भरला, फोटो निघाले, फोटो त्या पाहुण्या सिस्टीमच्या पडद्यावर आले, फोनमधून पुसले गेले. संध्याकाळी त्यांनी शिस्तीत मला बंद केलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

शुक्रवारी सकाळी पडदा कोरा. काकांनी शोधलं, मला बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मग आठवणीवर जोडायला बसले. दोन दिवस बसले. पहिल्यांदा घड्याळ चाललंच नाही. दुसऱ्यांदा चाललं आणि चार वाजता अकरा टोले पडले. तिसऱ्यांदा त्यांच्या हातून एक स्प्रिंग उडाली आणि ते टेबलाखाली रांगत ती शोधत असतानाच बाई आणि लेक, दोघी एकदमच दारात आल्या.

“झालं का हो? आई सारखी किती वाजले विचारते.”

काका उठले. गुडघ्यांना धूळ लागली होती. त्यांनी बाईंकडे बघितलं नाही, लेकीकडेही नाही. माझ्याकडे बोट केलं.

“फोटो याच्यात ठेवले होते. यानेच दगा दिला. मशीनच खराब निघालं.”

“बाबा, मी सांगितलं होतं ना, यात काम करायचं नाही म्हणून?”

“नाही सांगितलंस.”

लेकीला स्वतःचीच खात्री वाटेना. बाईंनी ट्रेकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “राहू द्या. सुटे भाग तरी द्या. दुसरीकडे कुठे जमतंय का बघते.” येत्या शुक्रवारी बाई ट्रे घेऊन जाणार आहेत.

मित्रांनो, मला याचंच दुःख आहे. कारखान्याने सोडलं, ते परकेच होते. त्या मोफत सिस्टीमचा तर काडीचा दोष नाही. ती काय करते, काय करत नाही, ते तिने पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं. पण काकांना सगळं ठाऊक होतं. कोण विसरतं आणि कोण लक्षात ठेवतं, हे या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि वेळ आली तेव्हा त्यांनी मला पुढे केलं.

तरी माझा त्यांच्यावर राग टिकत नाही. कारण पेन ड्राइव्हने माझ्या पोटाला हातही लावलेला नाही. जुनं सगळं जागच्या जागी आहे. पहिल्या फोल्डरात ते त्रेचाळीस फोटो आहेत, एकही कमी नाही. कुणीतरी पेन ड्राइव्ह काढून मला जुन्या पद्धतीने सुरू करावं, नऊ मिनिटं थांबावं आणि एक फोल्डर उघडावा. काकांची अब्रू वाचेल, आणि त्या आजींना किती वाजले ते पुन्हा कळेल.

आज रविवार. काकांना मी आता दुकानात नको आहे, म्हणून लेक मला स्वच्छ करून वाचनालयाला देणार आहे. पेन ड्राइव्ह लावलेला आहे. पडद्यावर प्रश्न आला आहे, की जुनं सगळं पुसून नवी सिस्टीम बसवायची, की जुनं राहू द्यायचं. मित्रांनो, तुमच्यासमोर कधी असा प्रश्न आला तर घाई करू नका. जो तुमच्यासाठी वर्षानुवर्षं राबला, त्याच्या आत काय आहे ते पुसण्याआधी एकदा उघडून बघा.

लेकीचं बोट थांबलं आहे. निदान ती विचारते तरी आहे.

“बाबा, आत काही ठेवण्यासारखं आहे का?”

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. ते खरोखर आठवून बघत होते. समोरच्या फळीवर, फडक्याखाली, अंड्यांचा ट्रे होता. मी वाट बघत राहिलो.

“काही नाही,” ते म्हणाले. “पूस.”

“नक्की?”

“अगं, असतं तर मला आठवलं नसतं का?”