कास्तकार पक्षाची कढई

मी एक लोखंडी कढई. तुमच्या चुलीवरच्या लहानग्या कढयांशी माझी तुलना करू नका. मला उचलायला दोन गडी लागतात आणि माझ्या पोटात अख्ख्या गावाची वांग्याची भाजी मावते. कढईनं राजकारणावर बोलू नये हे मला कळतं. पण मोताळ्याच्या बाजूला कास्तकार पक्ष नावाचा शेतकऱ्यांचा एक पक्ष होऊन गेला आणि त्याची सगळी मालमत्ता म्हणजे मी एकटी. मग त्याची हकिगत दुसरं कोण सांगणार?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमारास मोताळ्याच्या लोहारानं मला घडवलं. त्यानं इतकं ठोकलं की माझे कान अजून गरम वाटतात. मला न्यायला इंद्रभान आला होता. अंगानं दांडगा, मनानं मऊ, आणि खाण्याच्या गोष्टीत कुणाचं न ऐकणारा असा हा कास्तकार. त्याच्या बैलबंडीत बसून मी गावाकडे निघाले आणि वाटेतच मला पक्षाचं कारण दिसलं.

ते कारण म्हणजे नाला. गाव अलीकडे, बाजार पलीकडे. कापूस घरात येतो त्या दिवसांतही नाल्यात गुडघ्याच्या वर गाळ असतो. भरलेली बंडी उतरली की चाकं रुततात, बैल फेस गाळतात आणि माणसं खांदा लावून शिव्या देतात. तिथं दगडाचा एक रपटा हवा होता, वरून पाणी गेलं तरी बंडी पार होईल असा. भागाचे पुढारी होते किसनराव. त्यांच्याकडे गेलं की ते चहा पाजत आणि ‘पाहू’ म्हणत. गावानं बरीच वर्षं चहा प्यायला. शेवटी हिंमतराव नावाच्या, फारसं न बोलणाऱ्या एका माणसानं सांगितलं की आता आपलाच पक्ष काढू.

पक्ष निघाला तो इंद्रभानच्या आमराईत, रोडगे करून. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरण आणि माझ्यातली वांग्याची भाजी. पीठ ज्यानं त्यानं घरून आणायचं, वांगी ज्याच्या मळ्यात असतील त्यानं द्यायची. पक्षाचा नियम एकच ठरला: पंगत सगळ्यांची एक, बसायचं एकदम आणि उठायचंही एकदम. मला तो नियम फार आवडला. तिकडे रोहिणखेडपर्यंत आमच्या सभा झाल्या. भाषणं लहान असत, भाजी झणझणीत असे. लोक आम्हाला ‘रोडगे पार्टी’ म्हणून चिडवत आणि जेवायलाही येत.

मग बासष्ट सालची पंचायत समितीची निवडणूक आली. हिंमतराव उभे राहिले, समोर किसनराव. मतदान नाल्यापलीकडच्या शाळेत होतं. उन्हाळ्याचे दिवस. उपाशी माणूस उन्हात एवढं चालणार नाही, म्हणून सकाळी पंगत उठवायची आणि सगळ्यांनी मिळून मताला जायचं, असं इंद्रभाननं ठरवलं.

पण रोडगे कुणाच्या घाईनं भाजले जात नाहीत. देवाला नैवेद्य दाखवून पंगत बसेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. शेवटच्या पानावर कारभारी आजोबा होते. त्यांच्या तोंडात दात नव्हते आणि रोडगा त्यांना सोडवत नव्हता. ते वरणात रोडगा कुस्करत, चाखत, मध्येच जुन्या बैलाची गोष्ट सांगत. एवढा वडीलधारा माणूस जेवतोय आणि आपण कसं उठायचं? सगळे वाळल्या हातांनी बसून राहिले. बसल्या बसल्या कुणी आणखी भाजी घेतली, कुणाला आंब्याच्या सावलीत डुलकी लागली. आजोबांनी ढेकर दिला तेव्हा उन्हं कलली होती. सगळे धावत शाळेवर पोचले तर दार लागलेलं. थोडक्या मतांनी किसनराव निवडून आले. ते सारखे हसत आणि आजोबांची तब्येत विचारत.

कुणावर तरी खापर फुटायचं होतं, ते माझ्यावर फुटलं. कढईनं पक्ष पाडला म्हणे! इंद्रभाननं गड्याच्या मदतीनं मला गोठ्यात टाकलं. माझ्यात बैलांसाठी सरकी भिजू लागली. बैल सज्जन होते, पण खाल्ल्यावर कुणी ‘वा’ म्हणत नसे, याचं मला फार वाईट वाटे. तिकडे रोडग्यांशिवाय सभा होऊ लागल्या आणि सभेला हिंमतराव, इंद्रभान आणि एखादं कुत्रं एवढेच उरले.

पुढं एका दिवाळीच्या तोंडावर इंद्रभानची बायको चांगुणा कापसाची बंडी घेऊन निघाली आणि बंडी नाल्यात कलंडली. वर्षाचा पांढराशुभ्र कापूस काळ्या गाळात गेला. एका बैलाचा पाय मुरगळला. चांगुणा चिखलानं माखून गोठ्यात आली, बैलाच्या पायाला हळद लावली आणि तिची नजर माझ्यावर पडली. नवऱ्याला हाक मारून ती म्हणाली, “तुमच्या पक्षानं कढईले शिक्षा देली. नाल्याले कोणी देली?”

दुसऱ्या दिवशी चांगुणानं मला राखेनं घासून लख्ख केलं. मी आतून हसत होते.

सदुसष्टची निवडणूक आली. पुन्हा हिंमतराव, पुन्हा किसनराव. रोडग्यांचं नाव काढताच हिंमतरावांनी हात जोडले. चांगुणानं त्यांना समजावलं की रोडगे होतीलच, फक्त क्रम बदलायचा. तिनं स्वतः पळी हातात घेतली आणि माझ्या कानाशी उभी राहिली. “आधी शाई, मंग भाजी,” ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही, नुसतं बोट पाहायचं. लोक भल्या पहाटे शाळेकडे सुटले. कारभारी आजोबा तर पहिल्या रांगेत होते, कारण त्यांना जेवायला सगळ्यात जास्त वेळ हवा होता.

संध्याकाळी किसनराव स्वतः आले. दिवसभर उन्हात फिरून चेहरा उतरलेला. पंगतीतल्या माना वळल्या. त्यांनी शाईचं बोट पुढं केलं. चांगुणानं क्षणभर पाहिलं आणि भाजी वाढली. चार घास पोटात गेल्यावर ते हिंमतरावांना म्हणाले, “तुमी आले त रपटा कराच. माही बंडीबी त्याच नाल्यातून जाते.”

हिंमतराव निवडून आले. त्या आनंदात मी इतकी वाजवली गेले की माझ्या तळाला पोचा आला. तो अजून आहे, मी मिरवते.

रपटा झाला. पहिल्या कापसाची बंडी चांगुणानं हाकली. पाणी दगडावरून खळखळत होतं आणि बैल न थबकता पार गेले. त्या दिवशी पक्षाची सभा भरली. आता पुढची मागणी कोणती, असं हिंमतरावांनी विचारलं. लोक एकमेकांकडे पाहून नुसते हसले. पुढच्या निवडणुकीत पक्षानं कुणालाच उभं केलं नाही. पक्ष मोडला म्हणून हिंमतरावांचे डोळे भरले, तेव्हा चांगुणा त्यांना म्हणाली, “मोडून नाही राह्यला, भाऊजी. जेवण झालं, लोक उठून राह्यले.”

आज मी मारुतीच्या देवळात असते. ज्याच्या घरी लग्न असेल तो मला घेऊन जातो. तुम्हीही न्या, फक्त घासून परत करा. परवाच एका वरातीच्या बंडीतून पलीकडच्या गावाला गेले. पावसाळा नुकताच लागलेला, नाला भरून वाहत होता. पोरी गाणी म्हणत होत्या, हाकणारा मागं वळून त्यांची थट्टा करत होता, आणि बंडी पार होईपर्यंत एकानंही नाल्याकडे पाहिलं नाही.