चंपाषष्ठीआधीची वांगी

लोणखेड्याच्या चुडामण पाटलाने सगळ्याचा विचार केला होता. पंचांग तेवढं राहिलं.

विहिरीजवळचा अर्धा एकर त्याने थोरल्या भावाकडून, दोधूभाऊंकडून, एका हंगामापुरता मागून घेतला होता. कल्पना त्याला शेतकी खात्याच्या शिबिरात चढली ती उतरलीच नाही. शहाद्याच्या एका गल्लीतल्या अकरा घरांनी आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आगाऊ रक्कम द्यायची, आणि मळ्यात जे पिकेल ते दर गुरुवारी सारख्या अकरा टोपल्यांत घरपोच घ्यायचं. भरघोस आलं तर सगळ्यांचं, बुडालं तर सगळ्यांचं. गावाने या योजनेचं नाव 'चुडामणचं सहकारी भरीत' असं ठेवलं. दोधूभाऊंनी हसण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी उसाचं बेणं सांगून ठेवलं आणि अट घातली, "पहिला गुरुवारले एक जरी टोपली परत उनी, तं सोमवारले मी तठे ऊस लावसू."

तेव्हा पहिली टोपली अशी हवी की गल्लीने वर्षभर नाव काढावं. खानदेशात असं नाव एकाच भाजीचं निघतं. चातुर्मास लागला की घराघरातून वांगं, कांदा, लसूण हद्दपार होतात, ते चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच परत येतात. इतके महिने उपाशी ठेवलेल्या जिभेपुढे दुसऱ्याच दिवशी वांगी नेऊन उभी करायची, हा चुडामणचा बेत. मागल्या वर्षी चंपाषष्ठी नोव्हेंबरच्या शेवटी आली होती. ती तारीख धरून, शेतकी खात्याच्या पत्रकातले दिवस उलटे मोजून त्याने रोपं लावली. वांगी शिस्तीची निघाली. हिरवीगार, तुकतुकीत, तारखेला हजर.

चंपाषष्ठी मात्र हजर झाली नाही. यंदा श्रावण दोनदा आला होता आणि त्या अधिक महिन्याने पुढचे सगळे सण वीस दिवस लांबवले होते. हे चुडामणला ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. त्याच महिन्यात सासुरवाडीला जाऊन जावयाचे तेहेतीस अनारसे तो स्वतः घेऊन आला होता.

गुरुवारी सकाळी टोपल्या भरताना त्याची बायको निर्मलाबाई सहज बोलल्यासारखं बोलली, "चंपाषष्ठीले आखो वीस दिन शेतस. ह्या वांगा कोण खाई?"

चुडामणचा हात टोपलीतच राहिला. "हाई आते सांगस?"

"तुम्ही इचारं का माले? अनारसा खाताना बरं याद व्हतं, धोंडाना महिना शे ते."

टोपलीत दुसरं काही घालावं तर मेथी अजून दोन पानांवर होती. तयार होता तो पातीचा कांदा आणि ओला लसूण. म्हणजे जे जे वर्ज्य ते ते सगळं, ताजं. पहिला गुरुवार चुकवता येत नव्हता, तेव्हा वांग्यांशेजारी तेच गेलं.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा अकराही घरं दारात उभी होती. सर्वांत पुढे दगूमाय. वयाने वडील, एकटी राहणारी, आणि तिने होकार दिल्याशिवाय त्या गल्लीत लग्न ठरत नसे. तिने टोपलीवरचं फडकं दोन बोटांनी उचललं आणि खाली मेलेला उंदीर असावा तसं परत ठेवलं.

"चुडामण, पोऱ्या, तुन्हा घरमा देव शे का नही?"

"माय, चूक व्हई गयी. आते ठेवी द्या, मंग..."

"वीस दिन ठेवू? लोणचं घालू का?"

दगूमाय बोलल्यावर बाकी दहा घरांना धर्म आठवला. पोस्टातले रूपचंद म्हणाले, आमच्याकडे या दिवसांत वांग्याचं नावही घेत नाहीत, 'ते फळ' म्हणतात. भिकन शिंप्याने तर तेवढंही न म्हणता तोंड फिरवलं. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघत शेजाऱ्यापेक्षा थोडा मोठ्याने नकार दिला.

अकरा टोपल्या मळ्यात परत आल्या. दोधूभाऊ विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसलेलेच होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि नुसतं "सोमवार," म्हणाले.

चुडामण बैल सोडत होता, तोच बांधावर सायकल खडखडली. रूपचंद. जेवणाच्या सुट्टीत, गल्लीच्या मागच्या बोळातून निघून.

"चुडामणभाऊ, मन्ही माय आजारी शे. वैद्य बोलना, वांगं द्या. औषधले दोष नही."

"सकाय तं दारमा उभी व्हती."

"मंग बिघडनं."

टोपली सायकलला बांधून होईस्तोवर बांधावर दुसरं डोकं दिसलं. "भिकन!" रूपचंद पांढरे पडले. "त्यानी देखं तं गल्लीभर सांगी. कोठे लपू?"

चुडामणने त्यांना सायकलसकट कडब्याच्या गंजीमागे उभं केलं. भिकनच्या सासऱ्याला भोवळ येत होती. त्याला लसूण सांगितला होता. भिकन गेला केळीत, कारण मागून तिसरा येत होता. मळ्याला वाट एकच, आणि तिच्यावर कोणी ना कोणी चालूच. आलेल्याला निघता येईना. दुपार कलेपर्यंत शहाद्याच्या एका गल्लीत दहा म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली, आणि दहा धडधाकट माणसं टोपल्या छातीशी धरून चुडामणच्या मळ्यात आडोशाला उभी राहिली. दोधूभाऊ थारोळ्यावरून हलले नाहीत. इतकं चांगलं काही त्यांनी जत्रेतही पाहिलं नव्हतं.

"दहा गयात," अखेर ते म्हणाले आणि उरलेल्या टोपलीकडे बोट केलं. "मी बोलनू व्हतू, एक जरी."

एक म्हणजे दगूमायची. आणि तेवढ्यात दगूमायच काठी टेकत बांधावरून येताना दिसली.

"माय, तुन्हा घर कोण आजारी शे?" चुडामणने घाईने विचारलं.

"मन्हा घर कोण ऱ्हास? मी एकली." ती धापा टाकत सावलीकडे, म्हणजे गंजीकडे निघाली.

"तठे नको, माय! साप शे!"

"मन्हापा काठी शे."

तिने गंजीमागे डोकावलं. रूपचंदांनी सायकलची घंटी वाजवली. का, ते त्यांनाही पुढे कधी सांगता आलं नाही. घंटीने दचकून केळीतले चौघे बाहेर आले, त्यांना बघून बाकीचे. दगूमायने दहाही जणांना उन्हात ओळीने उभं केलं आणि एकेकाच्या घरचा आजार नीट विचारून घेतला. मधूनमधून "अरे देवा" म्हणाली.

"अन तू कशी उनी, माय?" भिकनने धीर करून विचारलं.

"मी दरसाल जितला दिन पाळस, तितला पुरा व्हई गयात. बोटवर मोजात मी." दगूमायने पदर सारखा केला. "वरना महिना पंचांगना शे. तो पंचांगनी पाळो."

गल्लीतली दहा घरंही बोटांवर दिवस मोजू लागली. इतकी सोपी वाट असताना आपण आईला आजारी पाडलं, हे रूपचंदांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दोधूभाऊ उठले. अकरावी टोपली त्यांनी स्वतः उचलून दगूमायपुढे ठेवली.

"अन बेणं?" चुडामणने हळूच विचारलं.

"बेणंवालाले नही सांगी दिसू. ऊससाठे कोणी इतलं खोटं बोलत नही."

दगूमायने वांगं दाबून पाहिलं, आणखी एक दाबलं आणि टोपलीवर फडकं ओढलं. "चुडामण, पुढला गुरुवारले गाडी गल्लीमा आनू नको. आम्हीच येसूत." मग ओळीकडे वळली. "अन एकेक करीसन या रे. केळी मोडी टाकी तुम्ही."