देवाशी अबोला

घणसोली गावात काशीमावशींच्या घरामागे भाड्याची एक खोली होती. चौऱ्याण्णव साली तिथे शिवराम आणि वैजयंती साळवे हे जोडपं राहायला आलं. शिवराम जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा. दर रविवारी दोघं बसने वाशीला उपासनेला जात. वैजयंती सगळ्यांबरोबर गीतं म्हणायची, आमेन म्हणायची, आणि घरी आली की बायबल ट्रंकेत ठेवून द्यायची. ते पुढच्या रविवारीच बाहेर निघायचं.

एका दुपारी घरमालकीण काशीमावशी वाटीभर सुकट घेऊन आल्या. खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या, "वैजू, तुज्या घरान देव दिसत नाय तो?"

"आमच्यात मूर्ती नसते, मावशी. देव सगळीकडे असतो."

"म्हंजे हितं पन हाय?"

"हो."

"मंग त्याच्याशी बोलतेस कवा? मी तर सकालपासून माज्या देवाला नुसती सतावते."

वैजयंतीला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. मावशी वाटी खाली ठेवून तिच्याजवळ बसल्या.

दोन वर्षांपूर्वी वैजयंतीला मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. त्या नऊ दिवसांत वैजयंतीने देवापुढे पदर पसरून जेवढं मागितलं, तेवढं आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. नंतर ती चर्चला जात राहिली, सवयीने आणि शिवरामला वाईट वाटू नये म्हणून. पण स्वतःहून देवाशी एक शब्द बोलली नव्हती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आज मावशींना सांगितलं.

मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "माजी पन दोन गेली," त्या म्हणाल्या. "मी देवाला नाय नाय ते बोलले. पन बोलनं नाय टाकलं, वैजू. घरातल्याशी किती दिस अबोला धरशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती डब्यासाठी भाकऱ्या थापत होती. शिवराम मोरीत दाढी करत होता. परातीकडे बघतच ती हळू म्हणाली, "प्रभू." पुढे काय बोलावं सुचेना. चर्चमधली पाठ प्रार्थना ओठांवर आली, ती तिने आत ढकलली.

"मी रागावलेय तुझ्यावर," ती म्हणाली. "अजून राग गेला नाही. पण तू ये घरात. हे सगळं मला एकटीला झेपत नाही."

तव्यावरची भाकरी करपली. वास आला तसा शिवराम अर्ध्या गालाला साबण लावलेला बाहेर आला. त्याने स्टोव्ह बंद केला आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मी रोज बोलतो त्याच्याशी," तो म्हणाला. "मशीनवर. त्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. तुझ्यासमोर धीर होत नव्हता."

"काय बोलता?"

"तुझ्याबद्दल. आणि सुवार्ताबद्दल."

मुलीचं नाव दोन वर्षांत त्या दोघांपैकी कुणीच उच्चारलं नव्हतं. वैजयंतीने पिठाच्या हातांनी त्याचे हात धरले. शिवरामने डोळे मिटले आणि अडखळत, मोठ्याने प्रार्थना केली. त्या दिवशी त्याची कंपनीची बस चुकली.

राग काही एका दिवसात गेला नाही. काही सकाळी ती देवाशी भांडायची, काही सकाळी नळाला पाणी आलं म्हणून आभार मानायची. शिवराम मोरीतून ओरडायचा, "माझ्या खोकल्याचंही सांग गं!" आणि ती सांगायची.