सपाट केलेली वाट

रस्त्यांच्या खात्यातून रिटायर झालेले देवराव शहरातल्या नल्लकुंट्याहून सकाळीच विकाराबादकडच्या आपल्या रानात आले आणि त्यांचं डोकंच फिरलं. लेकीनं, सुजातानं, डोंगरी सायकलींसाठी झाडीतून वाट काढून घेतली होती. सरळ जायला जागा असताना ती सागांना वळसे घालत, दगडांवरून उड्या मारत चढावर जायची आणि फिरून फाटकाशीच यायची. गडी फसवून गेले, असं त्यांना वाटलं. उभी हयात रस्ते करण्यात गेलेल्या माणसाला हे बघवेना. फावडं घेऊन त्यांनी दुपारपर्यंत उंचवटे छाटले, खड्डे बुजवले, दगड कडेला लावले आणि सवयीनं त्यांना चुनाही फासला.

सुजाता आली, सायकलवर एक चक्कर मारून उतरली.

"पप्पा, ह्यातली भीती कुठं गेली?"

"काढली ना मी."

"तीच तर बनवली होती."

जूनमध्ये राज्याची दोन राज्यं झाली, जुन्या हपिसातली कपाटंसुद्धा वाटली गेली, तेही देवरावांनी कसंबसं पचवलं होतं. पण भीती मुद्दाम बांधायची? कोणासाठी?

काही न कळून त्यांनी चुना फासलेला एक दगड उचलला आणि वाटेच्या मधोमध ठेवला.

"इथं होता?"

"नाही, जरा पुढं."

त्यांनी तो पुढं सरकवला, पायानं दाबून पक्का केला आणि काळजीनं विचारलं, "आता पडशील ना, बेटा?"